डब्यावर शून्य, काट्यावर ७ ग्रॅम

तेलाच्या स्प्रेबद्दल एकदा नीट लिहायचं म्हणून लई दिवस ठरवत होतो. आज रविवार, कारखाना बंद, आई मंगाईच्या देवळाला गेलीय आणि घरात जरा शांत आहे म्हणून बसलोय. मी बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हातात, पार्ट मोजायचे, रिपोर्ट भरायचा. हे आधी सांगतोय कारण पुढचं सगळं त्याच सवयीतून आलंय.

गेल्या दसऱ्याच्या आधी रिपोर्ट काढले होते. ट्रायग्लिसराइड वाढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हरची सुरुवात, वजन ८८. डॉक्टर म्हणाले गोळ्या नंतर बघू, आधी वजन उतरवा, तेल कमी करा, खाल्लेलं लिहून ठेवा. लिहायचं तर मला जमतंच, तेच काम आहे माझं. मोबाईलवर ॲप घेतलं, पाच किलोचा किचनचा वजनकाटा आणला, भाकरी मोजली, भात मोजला, डाळ मोजली. तेल कमी करायचं म्हणून मामेभाऊ अमेरिकेतून सुट्टीला आला होता त्याच्याकडून कुकिंग स्प्रेचा डबा मागवला. आपल्याकडं पण मिळतात आता स्प्रे, ऑनलाइन बघितलेले, पण तो येतच होता म्हणून त्यालाच सांगितलं.

डबा हातात आल्यावर मी मागचं लेबल वाचलं. कॅलरी ०. फॅट ० ग्रॅम. घटक काय, तर पहिलंच नाव तेल. मला तेव्हा तिथंच खटकायला पाहिजे होतं, पण नाही खटकलं, छापलंय म्हणजे बरोबर असणार असं धरलं, आणि ॲपमध्ये शोधलं तर तिथं पण कुकिंग स्प्रे, एक सर्व्हिंग, ० कॅलरी. दोन ठिकाणी शून्य दिसल्यावर मी निवांत झालो. सकाळी आम्लेटला मारलं, संध्याकाळी थालीपिठाला दोन्ही बाजूनं मारलं, कधी पडू, म्हणजे आप्पे, केले तर साच्याच्या प्रत्येक खळग्यात मारलं. शून्यच आहे म्हटल्यावर हात थांबवायचा कशाला.

महिना झाला. हिशोबाप्रमाणं मी रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खात होतो, महिन्याच्या १५,०००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी असं ढोबळ गणित आहे, म्हणजे दोन किलोच्या आसपास उतरायला पाहिजे होतं. उतरलं ६०० ग्रॅम. बायको म्हणाली, "ओ, पाणी धरलं असंल अंगात, पुढच्या महिन्यात उतरंल की." असू शकतं, वजन असं सरळ रेषेत उतरत नाही हे खरंय, पण मला चैन पडेना. एक किलो ३५० ग्रॅमची तफावत म्हणजे महिन्याला १०,००० च्या वर कॅलरी, दिवसाला साडेतीनशेच्या जवळपास. पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही आधी मशीनला दोष देत नाही, आधी माप तपासतो. तर मी माझं माप तपासायला घेतलं आणि सुरुवात त्या शून्यापासनं केली.

स्टीलची ताटली काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला, ताटली खाली घेतली आणि घड्याळ लावून १० सेकंद स्प्रे मारला. परत काट्यावर. ७ ग्रॅम. डबा पण आधी-नंतर मोजला होता, तो ९ ग्रॅमनं हलका झालेला. मधले २ ग्रॅम म्हणजे तेल बाहेर ढकलणारा गॅस जो उडून जातो, आणि थोडं हवेत गेलेलं धुकं. म्हणून असला प्रेशरचा डबा असेल तर डबा मोजून भागत नाही, ताटली मोजा, नाहीतर आकडा जास्त येतो. तीन वेळा केलं, ७, ७ आणि ६.

७ ग्रॅम तेल. कुठलंही तेल घ्या, एक ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे ६३. आणि लेबलप्रमाणं त्याच १० सेकंदांचे किती? शून्य.

मग हे शून्य आलं कुठनं. लेबलवर सर्व्हिंग साइझ लिहिलेली असते, ती बघा. माझ्या डब्यावर होती सेकंदाच्या तिसऱ्या भागाइतका स्प्रे, म्हणजे ०.२५ ग्रॅम. त्याला गुणिले ९, सव्वादोन कॅलरी. अमेरिकेतला नियम असा की एका सर्व्हिंगमध्ये ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य लिहिलं तरी चालतं, आणि फॅट अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असलं तर ते पण शून्य. कंपनीनं खोटं काही लिहिलेलं नाही, नियमात बसतंय. पण सेकंदाचा तिसरा भाग म्हणजे किती ते एकदा करून बघा. बटण दाबायचं आणि लगेच सोडायचं, तव्यावर रुपयाएवढा डाग पडतो फक्त. तेवढ्यात कुणाचं आम्लेट होत नाही. माझ्या १० सेकंदांत अशी ३० सर्व्हिंग गेली, आणि ३० गुणिले शून्य शून्यच येणार.

आमच्या कामात याला लीस्ट काउंट म्हणतात. ज्या पट्टीवर सगळ्यात बारीक खूण एक मिलिमीटरची आहे तिच्यावर ०.३ चा फरक दिसतच नाही, दिसतो शून्य. याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, त्या पट्टीला तो दिसत नाही एवढाच होतो. आणि असे दहा पार्ट एकावर एक रचले की ३ मिलिमीटरचा फरक येतो आणि असेंब्ली बसत नाही. नवीन पोरं कामाला आली की त्यांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. तेच लेबलवर छापून आलं तर मला महिना लागला, म्हणून हे लिहितोय, दुसऱ्याचा महिना जाऊ नये.

आपल्या देशातल्या पाकिटांवर एक बरं आहे, इथं १०० ग्रॅम किंवा १०० मिलीचा रकाना छापावाच लागतो. स्प्रे घेताना पुढचं मोठ्या अक्षरातलं काही वाचू नका, मागं वळवा आणि तो रकाना बघा. १०० ग्रॅमला ९०० च्या जवळपास दिसलं की ते निव्वळ तेल. काही स्प्रेमध्ये पाणी मिसळलेलं असतं, तिथं आकडा बराच खाली येतो, तो फरक मात्र खरा आहे, कारण एका फवाऱ्यात तेलच कमी असतं. प्रत्येक फवाऱ्याला १ कॅलरी असलं काही लिहिलेलं असतं ते याच जातीचे.

आणि ॲपमध्ये कुकिंग स्प्रे म्हणून शोधूच नका. शेंगतेल किंवा सूर्यफूल तेल, जे असंल ते, आणि ग्रॅम टाका. माझ्या डब्याचा सेकंदाला ०.७ ग्रॅम येतो हे एकदा कळल्यावर मी सेकंद मोजतो, मनातल्या मनात एक-दोन-तीन, आणि तेवढे ग्रॅम लिहितो. आम्लेटला आता दोन सेकंद पुरतात. आधी चार मारत होतो आणि चवीत फरक काहीच नव्हता हे पण तेव्हाच कळलं.

तो डबा संपल्यावर मी पंपाची काचेची बाटली घेतली, आपलं तेल भरून दाबायची. आमच्यात लाकडी घाण्याचं शेंगतेल वापरतात, आई दुसऱ्या तेलाला हात लावत नाही, म्हणून मला तेच भरायचं होतं. यात एक अडचण येते ती सांगून ठेवतो. घाण्याच्या तेलात बारीक गाळ असतो आणि तो नोझलमध्ये अडकतो, मग फवारा न येता सरळ धार येते आणि एका दाबात दुप्पट तेल पडतं. तेल दोन दिवस न हलवता ठेवायचं, वरचं वरचं सुती कापडातनं गाळून घ्यायचं, आणि पंधरा दिवसांनी नोझल गरम पाण्यात साबण टाकून दाबून दाबून धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मगच परत तेल. एवढं केलं तर चालतंय.

बाटलीचं माप काढायला एक दाब मारून उपयोग नाही, किचनच्या काट्याला १ ग्रॅमच्या खालचं दिसत नाही, शहापुरात सराफाकडं असतो तसला काटा लागेल. त्यापेक्षा २० दाब मारा आणि २० नं भागा. माझ्या बाटलीचे २० दाब ६ ग्रॅम आले, म्हणजे एक दाब ०.३ ग्रॅम, पावणेतीन कॅलरी. मग हीच गोष्ट मी निपाणीला सासुरवाडीत केली, तिथं मेहुण्याकडं पण तसलीच दिसणारी बाटली आहे, तिचे २० दाब १६ ग्रॅम. एका दाबाला ०.८, सात कॅलरीच्या वर. दिसायला सारख्या बाटल्या आणि एकीत अडीच पटीपेक्षा जास्त तेल. म्हणून इंटरनेटवर कुणी सांगितलं एका फवाऱ्याला इतक्या कॅलरी, तर ते त्याच्या बाटलीचं माप, तुमच्या बाटलीचं तुम्हालाच काढावं लागणार, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मी दिवसाला एकूण १४ सेकंद स्प्रे मारत होतो असं धरलं तर १० ग्रॅम तेल, ९० कॅलरीच्या आत-बाहेर. माझी तफावत होती साडेतीनशेची. म्हणजे स्प्रेमध्ये सापडला फक्त चौथा हिस्सा. उरलेलं कुठाय?

ते होतं आईच्या पळीत.

स्प्रे आला म्हणजे तेलाचा प्रश्न मिटला असं माझ्या डोक्यात बसलं होतं, त्यामुळं कोरड्यासातल्या, म्हणजे भाजी-आमटीतल्या, तेलाकडं मी बघितलंच नव्हतं. ॲपमध्ये भाजी लिहिताना एक चमचा तेल असं अंदाजानं टाकत होतो, दुपारच्या डब्याला एक आणि रात्री एक. एक चमचा म्हणजे ५ मिली, साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. आई चमच्यानं घालत नाही, पळीनं घालते. ती पळी माझ्या जन्माआधीची आहे, पितळेची, दांड्याला वर आकडी असलेली, तेलाच्या किटलीच्या काठाला अडकवून ठेवलेली असते. मी ती भरून मोजली, १७ ग्रॅम तेल मावतं. १५३ कॅलरी एका पळीत.

आणि त्या रविवारी घरात एण्णेगायी होतं. बेळगावच्या बाहेरच्यांना सांगतो, ही भरलेली वांगी, तीळ, शेंगदाणे, खोबरं आणि कारळाचा मसाला भरून केलेली. कन्नडमध्ये एण्णे म्हणजे तेल. नावातच तेल आहे, आणि वांगी तेलात शिजून वर तवंग आल्याशिवाय त्याला एण्णेगायी म्हणत नाहीत. आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी, निम्मी कन्नड, हा पदार्थ दोन्हीकडं तेवढाच हक्काचा आहे आणि जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खाल्ला तर त्याच्यापुढं मला दुसरं काही नको वाटतं. ते सोडायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं. फक्त मोजायचं होतं.

आईला सांगितलं, तू घाल तेवढंच घाल, मी फक्त किटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवतो. ती आधी नाराज झाली. "तेल मोजून घालतात व्हय रे? आमच्या सासूनं पण कधी मोजलं न्हाई माझं." मला तिचं म्हणणं कळत होतं. तिनं आयुष्यभर हाताच्या अंदाजावर घर जेवायला घातलंय, आणि मुलगा स्वयंपाकघरात काटा घेऊन उभा राहिला म्हणजे तिला वाटणारच की आपल्यावर नजर ठेवालाय. मी तिला रिपोर्ट परत वाचून दाखवला, म्हटलं तुझी चूक काढत नाही, माझ्या ताटात किती येतं तेवढंच बघायचंय. मग काही बोलली नाही, किटली पुढं सरकवली.

किटली ६८ ग्रॅमनं हलकी झाली. चार पळ्या. शिजल्यावर पातेल्यासकट वजन केलं आणि रिकाम्या पातेल्याचं वजा केलं, भाजी १,०५० ग्रॅम. मी घेतली २१० ग्रॅम, पाचवा हिस्सा. म्हणजे माझ्या ताटात साडेतेरा ग्रॅम तेल, १२२ कॅलरी, आणि मी लिहीत होतो चाळीस. रात्रीच्या आमटी-भाजीचं तसंच काढलं, ते १२ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून दिवसाला दीडशेभर कॅलरी मी लिहीतच नव्हतो. यातही एक गोष्ट आहे, तवंग वरच्या वर राहतो, जो आधी वाढून घेतो त्याच्या ताटात तेल जास्त जातं आणि मी रविवारी आधी जेवायला बसतो. म्हणून आता वाढायच्या आधी तळापासनं हलवून घेतो, तरच पाचवा हिस्सा खरंच पाचवा होतो.

उरलेलं शेंगदाण्याच्या चटणीवर सापडलं. आमच्यात भाकरीबरोबर कोरडी चटणी ताटात घेतात, मध्ये खळगा करतात आणि त्यात कच्चं शेंगतेल ओततात. ते मी कधीच लिहिलं नव्हतं, ते खाणं वाटायचंच नाही, चटणीचाच भाग वाटायचा. मोजलं, ९ ग्रॅम. ८१ कॅलरी.

स्प्रे ९०, भाज्या दीडशे, चटणी ८०. तीनशे वीसच्या घरात. साडेतीनशेला उरलेले तीस कुठं कुठं गेले असतील, तेवढी टॉलरन्स, म्हणजे चालण्यासारखा फरक, मी सोडली.

या सगळ्याची पडताळणी करायचा एक सोपा मार्ग आहे, ज्यांना रोज काटा नकोय त्यांनी हा करा. महिन्याचं तेल किती येतं ते बघा. आमच्यात पाच माणसं, मी, बायको, आई, बाबा आणि अकरा वर्षांची लेक, महिन्याला पाच लिटर. एक लिटर तेल ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ४,५५० ग्रॅम. पाच माणसं, तीस दिवस, माणशी रोजचं ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तुपाचे २७ ग्रॅम धरलेत. आम्ही थोडे वर, पण त्यात लेकीच्या वाट्याचं कमी, माझ्या वाट्याचं जास्त, आणि बाहेरचं खाणं वेगळं. दिवाळीच्या महिन्यात पंधरा किलोचा डबा येतो त्याचा हिशोब मी इथं घेत नाही, तो सगळा आम्ही खात नाही, फराळ पाव्हण्यांकडं पण जातो.

तळणाचं विचारतात लोक, त्याचं कसं करायचं. तसंच. कढई तेलासकट आधी मोजायची, तळून झाल्यावर मोजायची, फरक म्हणजे पदार्थात गेलेलं. फक्त पूर्ण गार झाल्यावर, गरम तेलाची कढई उचलून काट्यावर ठेवायच्या फंदात पडू नका. पाडव्याला पुऱ्या केल्या तेव्हा १२३ ग्रॅम कमी झालं, पुऱ्या २८, एका पुरीला ४.४ ग्रॅम, तेलाच्याच चाळीस कॅलरी, पीठ वेगळं.

तेलांमध्ये डावं-उजवं करणारे भेटतात. हृदयाला कुठलं चांगलं हा विषय वेगळा आहे आणि तो महत्त्वाचा आहे, पण कॅलरीला सगळी तेलं सारखी. शेंगतेल, सूर्यफूल, खोबरेल, ऑलिव्ह, ग्रॅमला ९ च. बाटलीवर लाइट ऑलिव्ह ऑइल लिहिलेलं असतं त्यातला लाइट हा रंग आणि चवीचा आहे, कॅलरीचा नाही. तूप पण जवळजवळ तेवढंच. लोणी जरा कमी कारण त्यात पाणी असतं.

कँटीनचं मात्र मोजता येत नाही. तिथला डोसेवाला तव्यावर वाटीनं तेल फिरवतो, मी रोज त्याला "एण्णे स्वल्प हाक्री" म्हणतो, म्हणजे तेल जरा कमी घाला, आणि तो घालतो पण कमी, माणूस चांगला आहे. तरी मी दोन चमचे तेल धरून लिहितो. कमी लिहिण्यापेक्षा जास्त लिहिलेलं परवडतं.

एक सावधगिरी लिहायलाच पाहिजे, कारण आमच्या कारखान्यात सेफ्टीचे बोर्ड लावायचं काम पण माझ्याकडंच आहे. प्रेशरच्या डब्यातला गॅस बहुतेक ब्यूटेन-प्रोपेन जातीचा असतो, म्हणजे आपल्या सिलेंडरमधलाच भाऊबंद. पेटलेल्या शेगडीवर तवा ठेवून वरनं स्प्रे मारू नका. गॅस बंद, तवा खाली, स्प्रे, मग परत. आणि डबा शेगडीजवळ ठेवू नका, आमच्यात कट्ट्यावर जागा नसते म्हणून सगळं शेगडीजवळच असतं, पण हा नको. पंपाच्या बाटलीत तो गॅस नसतो, पण तेलाचं धुकं ज्वाळेवर गेलं की तेही पेटतं, म्हणून सवय तीच ठेवा. दुसरं, या डब्यांत तेलाबरोबर लेसिथिन असतं, तव्याला चिकटू नये म्हणून. ते नॉनस्टिकवर तापून तापून चिकट थर धरतं आणि घासून निघत नाही. बायकोचा चांगला तवा असा खराब झाला, ती मला काही बोलली नाही पण मला वाईट वाटलं, नवीन आणून दिला.

स्प्रे वापरू नका असं मी म्हणत नाही. मी आजही वापरतो. पळीनं आम्लेटला तेल घातलं तर १७ ग्रॅम, स्प्रेनं दीड ग्रॅमच्या आत भागतं, हा फायदा मोठा आहे आणि खरा आहे. मला एवढंच म्हणायचंय की तो दीड ग्रॅम लिहा. दोन-तीन दाबांचं एखाद्या दिवशी राहिलं तर राहू दे, सात-आठ कॅलरीनं काही होत नाही, पण रोज, सगळ्या पदार्थांना, मोकळ्या हातानं मारत असाल तर त्याला शून्य म्हणू नका. आणि तेल पूर्ण बंद पण करू नका, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला तेल-तूप लागतंच. मध्ये आठ दिवस मी अति केलं, सगळं स्प्रेवर, भाजी नुसती वाफवलेली. चव गेली, पोट भरेना, रात्री भूक लागायची. आईनं ताट बघितलं आणि म्हणाली, "हे आजारी माणसाचं जेवण खालास तर आजारीच पडशील." तिचं बरोबर होतं. आता एण्णेगायीत चारच्या तीन पळ्या घालते, तिनं स्वतःच ठरवून कमी केलं, मी सांगितलं नव्हतं, आणि चटणीवर मी चमच्यानं तेल घेतो, ओतत नाही.

वजन त्यानंतरच्या दोन महिन्यांत १.७ आणि १.८ किलो उतरलं, हिशोबाच्या जवळ. मग थोडं सावकाश. आज सकाळी ८३ होतं. पुढच्या महिन्यात रिपोर्ट काढायचेत, आकडे आल्यावर लिहितो.

भांड्यांची वजनं सारखी सारखी करायला लागू नयेत म्हणून लेकीनं एका कागदावर यादी करून फ्रीजवर चिकटवलीय, तिच्याच अक्षरात. मोठं पातेलं ७८०, आमटीचं ५१५, कढई ६४०, किटली रिकामी २१०. खाली तिनं पळीचं चित्र काढलंय आणि बाजूला लिहिलंय आज्जीची पळी, १७. आई देवळातनं आली की वांगी भरायला घेईल, किटली मी आधीच मोजून ठेवलीय, ९६२.